चिकनगुनियानंतर आर.ए. फॅक्टर पॉझिटिव्ह आला. विषाणूनं आमवात सुरू केला का?

प्रश्न थोडक्यात असा. बारामतीकडच्या एका ३८ वर्षांच्या शिक्षिकेला ऑगस्टमध्ये चिकनगुनिया झाला, ताजा संसर्ग दाखवणारी आयजीएम तपासणी पॉझिटिव्ह होती. ताप चार-पाच दिवसांत गेला. आज चौदा आठवडे उलटले तरी मनगटं, घोटे आणि बोटांचे सांधे सुजलेले आहेत, सकाळी तासभर मूठ वळत नाही. आर.ए. फॅक्टर ४६ आला, लॅबची वरची मर्यादा २०. अँटी-सीसीपी निगेटिव्ह, सीआरपी, म्हणजे रक्तातली दाहाची खूण, जरा वाढलेलं. आईला बारा वर्षांपासून आमवात आहे. एक डॉक्टर म्हणतात व्हायरल आहे, जाईल. दुसरे म्हणतात आमवात सुरू झाला, जन्मभर गोळ्या घ्या. त्या विचारतात: विषाणूमुळे आमवात होतो का, मला झालाय का, आणि माझ्याबरोबरच चिकनगुनिया झालेल्या चौदा वर्षांच्या मुलीचीही तपासणी करून घेऊ का?

ताई, एवढ्या रिपोर्टांवर तुम्हाला आमवात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, झाला असं मी आज म्हणणार नाही. ‘आपोआप जाईल’ म्हणून घरीही पाठवणार नाही, कारण चौदा आठवडे सूज टिकणं ही थोडी गोष्ट नव्हे. तुमच्यासारखे पेशंट दर पावसाळ्यानंतर येतात आणि बहुतेकांचा जीव त्या आर.ए. फॅक्टरच्या आकड्यात अडकलेला असतो. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

प्रतिपिंड म्हणजे जंतूंना पकडायला शरीर बनवतं ते प्रथिन. आर.ए. फॅक्टर म्हणजे प्रतिपिंडाविरुद्धचं प्रतिपिंड. नॉर्वेच्या वालर यांनी १९४० मध्ये आणि अमेरिकेत रोझ व सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये तो दाखवून दिला, आणि आमवाताची खूण म्हणून तो जो रुजला तो आजतागायत. पण तो आमवाताची मक्तेदारी कधीच नव्हता. हिपॅटायटिस सी, क्षयरोग, हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग, कुष्ठरोग, आणि काहीही आजार नसलेली म्हातारी माणसं, या सगळ्यांत तो सापडतो. विषाणूच्या तापानंतर तो का चढतो हे समजलं की तुमचा ४६ हा आकडा बराच सौम्य वाटू लागेल.

विषाणू शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध आयजीजी जातीची प्रतिपिंडं बनवतं आणि ती विषाणूच्या अंगावर दाटीनं चिकटतात. आपल्या प्रत्येकाच्या रक्तात काही बी-पेशी, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी, अशा असतात की त्यांना या आयजीजीचं बूड पकडता येतं. एरवी त्या गप्प असतात. संसर्गात मात्र अशी बी-पेशी ते बूड पकडते आणि आतल्या विषाणूसकट अख्खा गठ्ठा गिळते. मग विषाणूचे तुकडे स्वतःच्या पृष्ठभागावर मांडते. विषाणूविरुद्ध जागी झालेली टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीची दुसरी पेशी, ते तुकडे ओळखते आणि या बी-पेशीला ‘बनव प्रतिपिंडं’ अशी परवानगी देऊन टाकते. इथे गोम आहे. स्वतःच्या शरीराविरुद्धचं प्रतिपिंड तयार झालं, पण त्यासाठी स्वतःवर उलटलेली टी-पेशी लागलीच नाही. विषाणूवर नेमाने काम करणारी टी-पेशी पुरली. विषाणू हटला की परवानगीही संपते आणि आकडा काही महिन्यांत उतरतो. हिपॅटायटिस सी वर्षानुवर्षं अंगात राहतो, म्हणून तिथे फॅक्टरही वर्षानुवर्षं चढाच राहतो.

अँटी-सीसीपीची, म्हणजे सिट्रुलिनयुक्त प्रथिनांविरुद्धच्या प्रतिपिंडांची, गोष्ट निराळी. पेशींमध्ये पॅड नावाची विकरं असतात. ती प्रथिनांतल्या आर्जिनिनचं रूपांतर सिट्रुलिनमध्ये करतात. जिथे दाह असेल तिथे हे प्रत्येकाच्या शरीरात होतं, त्यात रोग नाही. रोग आहे तो अशा सिट्रुलिनयुक्त प्रथिनांना परकं मानण्यात, आणि ते सहसा फुकट होत नाही. त्यासाठी टी-पेशीचीही फितुरी लागते, आणि त्या फितुरीत जनुकांचा मोठा हात आहे. १९८७ मध्ये ग्रेगरसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आमवाताशी जोडलेल्या एचएलए-डीआर या प्रतिकारशक्तीच्या जनुकांच्या वेगवेगळ्या प्रकारांत एकाच ठिकाणी पाच अमिनो आम्लांचा जवळजवळ सारखाच तुकडा असतो. हा तुकडा असलेल्या आणि सिगारेट ओढणाऱ्या माणसात सिट्रुलिनविरुद्धची प्रतिपिंडं कितीतरी जास्त दिसतात, हे पुढे स्वीडनमधल्या अभ्यासांत आलं. विषाणूजन्य सांधेदुखीत अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह येणं क्वचितच घडतं. म्हणून माझ्यासाठी तुमच्या कागदांतला सगळ्यात बोलका रिपोर्ट हा निगेटिव्ह आलेला आहे. मात्र आमवाताच्या सुरुवातीला पुष्कळ रुग्णांत तो निगेटिव्हच असतो, त्यामुळे त्यावर शिक्कामोर्तब करता येत नाही.

आता मूळ प्रश्न: विषाणू आमवात सुरू करू शकतो का?

यावर पन्नासेक वर्षं घोळ चालू आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी चिकनगुनिया नव्हे, एपस्टाइन-बार विषाणू आहे. १९६४ मध्ये सापडलेला हा विषाणू जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या अंगात मुकाट राहतो. आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच, कळण्याआधीच होऊन गेलेला असतो. तो राहतो कुठे, तर बी-पेशींतच, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या घरातच. १९७० च्या दशकात आमवाताच्या रुग्णांत या विषाणूशी संबंधित एका अँटिजेनविरुद्ध जास्त प्रतिपिंडं दिसली. १९८९ मध्ये कळलं की त्याच्या जीपी११० नावाच्या प्रथिनात तोच पाच अमिनो आम्लांचा तुकडा आहे, जो आमवाताच्या जनुकात आहे. २००३ मध्ये फ्रान्समधल्या गटाने मोजलं तेव्हा आमवाताच्या रुग्णांच्या रक्तपेशींत या विषाणूचा डीएनए निरोगी लोकांच्या साधारण दहापट निघाला. पुढे असंही दिसलं की या विषाणूच्याच प्रथिनाचा तुकडा सिट्रुलिनयुक्त करून ठेवला तर आमवाताच्या बऱ्याच रुग्णांची प्रतिपिंडं त्याला चिकटतात.

हे सगळं एका ओळीत मांडलं की खटला निकाली निघाल्यासारखा वाटतो. मला तो तसा वाटत नाही. दहापट विषाणू हे कारण की परिणाम? ज्यांची त्या विषाणूवरची टी-पेशींची पकड आधीच ढिली आहे त्यांच्यात तो वाढणारच. आणि जो विषाणू जवळपास सगळ्यांना झालाय, तो शंभरात एखाद्यालाच आमवात का देतो, याचं उत्तर एकट्या विषाणूत सापडणार नाही. पुरावा कसा असावा हे पाहायचं तर मल्टिपल स्क्लेरॉसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराकडे पाहा. अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक जणांच्या नोंदी आणि साठवलेले रक्ताचे नमुने वापरून २०२२ मध्ये दाखवलं गेलं की आधी हा विषाणू नसलेल्याला तो झाला की त्या आजाराचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढतो. आमवाताच्या बाबतीत या ताकदीचं काम आजवर झालेलं नाही. जुळ्यांचे अभ्यासही हेच सांगतात की गणित नुसत्या जनुकांचं नाही: एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आमवात असला तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण शंभरात पंधराच्या आसपास. उरलेली जागा बाहेरच्या गोष्टींची आणि निव्वळ योगायोगाची. त्यात विषाणू असतीलही, पण एकटे नाहीत.

हे घडतं कसं याच्या दोन वाटा पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात. पहिली साधर्म्याची: विषाणूचं प्रथिन आपल्या एखाद्या प्रथिनासारखं दिसतं आणि एकावर धरलेला नेम दुसऱ्यावर बसतो. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूनंतर हृदयाच्या झडपा बिघडवणारा संधिवाती ताप हे याचं गाजलेलं उदाहरण, आणि आपल्या सरकारी दवाखान्यांनी ते पोटभर पाहिलंय. आमवातात मात्र अशी नेमकी जोडी कोणी निर्विवाद दाखवलेली नाही. सारखे दिसणारे पाच-सहा अमिनो आम्लांचे तुकडे शोधायला बसलं तर हवे तितके सापडतात.

दुसरी वाट मला जास्त पटते. विषाणूला मारताना इंटरफेरॉन आणि आयएल-६ सारख्या रसायनांचा भडका उडतो, न्यूट्रोफिल पेशी स्वतःचं जाळं बाहेर फेकून मरतात आणि त्या जाळ्यात सिट्रुलिनयुक्त प्रथिनं भरपूर असतात. ज्या टी आणि बी-पेशींना एरवी कोणी विचारलं नसतं, त्या या गर्दीत जाग्या होतात. ऊस तोडणीआधी फड पेटवतात तेव्हा वारा फिरला की बांधापलीकडचा फडही जातो, त्याच्याशी कोणाचं भांडण नसतानाही, तसंच हे. मग बांधापलीकडे वाळलेलं किती होतं, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

ते वाळणं आधीच सुरू झालेलं असतं, याचा पुरावा चांगला आहे. नेदरलँड्समध्ये पुढे आमवात झालेल्या रक्तदात्यांचे जुने साठवलेले नमुने तपासले. २००४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. जवळपास निम्म्या जणांच्या रक्तात सांधा दुखू लागण्याच्या कित्येक वर्षं आधी आर.ए. फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी हजर होतं. म्हणून कोणी सांगितलं की ‘डॉक्टर, सप्टेंबरात ताप आला आणि ऑक्टोबरात आमवात झाला’, तर मी त्यांचं म्हणणं खोडत नाही, पण जुन्या रिपोर्टांची पिशवी मागतो. अँटी-सीसीपी मर्यादेच्या कितीतरी वर असेल तर तो महिन्याभराचा मामला सहसा नसतो. सप्टेंबरातल्या तापानं फार तर शेवटचा धक्का दिलेला असतो. पहिली ठिणगी फुप्फुसात, हिरड्यांत किंवा आतड्यात बऱ्याच आधी पडलेली असते, असं आज बहुतेक संशोधक मानतात.

हिरड्यांवरून थोडं विषयांतर. हिरड्यांच्या आजारातला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हा जंतू, विषाणू नव्हे, स्वतःच सिट्रुलिन बनवणारं विकर बाळगतो. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या बायका खूप, आणि त्यांच्या हिरड्यांची अवस्था मी रोज पाहतो. तोंडात ठेवायच्या तंबाखूमुळे आमवाताचा धोका स्वीडनमधल्या अभ्यासात वाढलेला दिसला नाही, धूर ओढणाऱ्यांत दिसला. तरी ज्यांच्या घरात आमवात आहे त्यांना मी दात-हिरड्या दाखवून घ्यायला सांगतो. त्यात तोटा काही नाही.

कोविडनंतरही हाच प्रश्न आला. मोठ्या नोंदींत कोविड होऊन गेलेल्यांत नवे स्वप्रतिरक्षा विकार, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचे आजार, जास्त दिसले, हे खरं. पण आजारी पडलेला माणूस डॉक्टरकडे जास्त जातो, जास्त तपासण्या करतो आणि आधीच असलेला आजारही तेव्हाच सापडतो. ही चाळणी लावली की त्या आकड्यांतला किती भाग उरतो, यावर माझा हात आखडता आहे.

चिकनगुनियाकडे येऊ. महाराष्ट्राची त्याच्याशी ओळख जुनी: १९७३ मध्ये बार्शीत साथ आली, मग तीन दशकं सामसूम, आणि २००५-०६ मध्ये तो परतला. २००६ मध्ये देशभरात सुमारे १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. त्या साथीनं आमच्या संधिवाताच्या शाखेला शिकवलं की हा ताप गेला तरी सांधे महिनोन्‌महिने धरतात. याचं एक कारण असं की हा विषाणू सांध्याच्या अस्तरातच शिरतो, तिथल्या पेशींत वाढतो. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात दीड वर्षानंतरही विषाणूचा आरएनए सापडला होता. उलट कोलंबियात साधारण दोन वर्षांनी अनेक रुग्णांच्या सांध्यातलं पाणी तपासलं तर विषाणू नव्हता, सांधे मात्र दुखत होते. दोन्ही खरं असू शकतं. विषाणूचे उरलेले अवशेष काही काळ आग धगधगती ठेवत असतील. पण तो आमवात नव्हे. बहुतेकांत हाड कुरतडलं जात नाही, अँटी-सीसीपी येत नाही आणि वर्ष-दीड वर्षात उतार पडतो. पार्व्हो बी१९ विषाणूचंही असंच आहे: मोठ्या बायकांत तो दोन्ही हातांचे सांधे सारखे सुजवतो, आर.ए. फॅक्टरही थोडा चढवतो, आणि बहुधा काही आठवड्यांत निघून जातो. शाळेत लहान मुलांचे गाल लाल झाल्याची साथ होती का, असं मी शिक्षिकांना मुद्दाम विचारतो. तुम्हालाही विचारलं असतं.

तुम्हाला ‘आमवातच’ असं का सांगितलं गेलं, तेही दाखवतो. २०१० चे वर्गीकरणाचे निकष दहा गुणांचे आहेत, सहा मिळाले की आमवात. दहाहून जास्त सांधे सुजलेले किंवा दुखरे, त्यात लहान सांधे: पाच गुण. फॅक्टर मर्यादेच्या वर पण तिपटीपेक्षा कमी: दोन. सीआरपी वाढलेलं: एक. सहा आठवड्यांहून जास्त काळ: एक. तुमचे नऊ झाले! पण त्याच निकषांच्या पहिल्या ओळीत अट आहे की सूज दुसऱ्या कोणत्या आजारानं जास्त चांगली समजत असेल तर ही बेरीज करूच नये. लोक बेरीज करतात, अट वाचत नाहीत. २०१५ मध्ये हैतीहून अमेरिकेत परतलेल्या चिकनगुनियाच्या रुग्णांचा अभ्यास झाला. त्यातले बहुतेक जण हे निकष पूर्ण करत होते. निदान अर्थातच चिकनगुनियाचंच होतं.

म्हणून मी कागदापेक्षा हातावर जास्त भरवसा ठेवतो. तळव्याच्या वर जिथे बोटं फुटतात ती गाठींची ओळ दोन्ही बाजूंनी हलकेच दाबायची. आमवातात इथे माणूस हात मागे ओढतो आणि दोन गाठींमधली खाच भरून आलेली असते. चिकनगुनियात मनगटाच्या मागच्या कंडरांभोवतीचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांभोवतीचं, म्यान सुजून लांबट फुगवटा येतो, घोट्याच्या मागेही तसाच, आणि पहिलं पाऊल टाकताना टाच बोंबलते. नाकाच्या शेंड्यावर चिकनगुनियानं येणारी काळपट झाक उरली असेल तर मी निम्मा निश्चिंत होतो. मग सोनोग्राफी: डॉपलरवर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, अस्तरात लाल ठिपके किती, हाडाच्या कडेला खड्डा आहे का. एक्स-रे इतक्या लवकर सहसा काही सांगत नाही, पण पुढे तुलनेला हवा म्हणून एकदा काढून ठेवा.

उपचारांचं थोडक्यात. चौदा आठवड्यांनंतरही डोळ्यांना दिसणारी सूज असेल तर नाव काहीही असो, नुसत्या वेदनाशामकांवर राहू नका. अशा वेळी आम्ही मेथोट्रेक्सेट ही प्रतिकारशक्तीचा भडका शांत करणारी गोळी सुरू करतो. विषाणू आत असेल तर ती त्याला मोकळीक देईल, ही भीती वाजवी आहे. पण रियुनियनमध्ये बऱ्याच रुग्णांना ती दिली गेली, बहुतेकांना उतार पडला आणि विषाणू उसळल्याचं दिसलं नाही. आधी हिपॅटायटिस बी आणि सी, यकृत, किडनी आणि रक्ताची तपासणी. हिपॅटायटिस सी निघाला तर तुमच्या आर.ए. फॅक्टरचाही उलगडा तिथेच होईल. गोळी आठवड्यातून एकदाच, वार ठरवून. रोज घेतल्यानं जिवावर बेतलेली माणसं आहेत, त्यामुळे मेडिकलवाल्यानं काहीही सांगितलं तरी पाकिटावर वार लिहून घ्या. गरोदर राहण्याचा विचार असेल तर ही गोळी नको, ते आधीच सांगा. औषध चालू असताना गर्भनिरोध हवाच. स्टेरॉइड लागलाच तर लहान डोस, थोडे आठवडे आणि हळूहळू बंद. गावात मिळणारं ‘सांध्याचं इंजेक्शन’ बहुतेक वेळा स्टेरॉइडच असतं, दोन दिवस स्वर्ग आणि मग दुप्पट दुखणं. आमवातासारखी जन्मभर औषधं मात्र आज गृहीत धरू नका. सूज पूर्ण उतरली की काही महिन्यांनी गोळी कमी करत बंद करून पाहतो, आणि चिकनगुनियाच्या बहुतेकांत ती बंद होते.

फॅक्टर आणि अँटी-सीसीपी आणखी तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये पुन्हा करा. फॅक्टर उतरलेला असेल तर वर सांगितलेलीच गोष्ट घडली. अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह झालं किंवा सोनोग्राफीत हाड कुरतडलेलं दिसलं, तर मी मत बदलेन आणि आमवाताचे उपचार जोर लावून करीन. आईच्या आजारामुळे तुमचा धोका इतरांच्या साधारण तिप्पट आहे, म्हणजे तरीही शंभरात दोन-तीन.

मुलीची तपासणी करू नका. तिचे सांधे दुखत नसतील तर आर.ए. फॅक्टर करून फक्त काळजी विकत घ्याल. तापानंतर तो थोडा चढलेला निघेलही आणि त्याचा अर्थ काहीच नसेल. तिचा एखादा सांधा सहा आठवड्यांहून जास्त सुजलेला राहिला, किंवा सकाळी वेणी घालायला, चप्पल घालायला ती कुरकुरू लागली, तर तिला लहान मुलांचे सांधे पाहणाऱ्या डॉक्टरांना दाखवा, आणि तेव्हा डोळेही तपासून घ्या. मुलांच्या संधिवातात डोळ्याच्या आतला दाह न दुखता, न लाल होता येतो.